चारच का? मोठ्यात मोठी संख्या सांगण्याचा खेळ

(गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेसाठी विषय ठरवायला मला वेळ लागला नाही. आम्ही सातवीत असताना गुरुजींनी आमच्याकडून एक खेळ खेळून घेतला होता. त्या खेळाने मला गणिताकडे वळवले आणि आज इतक्या वर्षांनी त्याच खेळाविषयी बोलायला मी उभा आहे.

श्रावणातला शनिवार होता. शाळा अर्ध्या दिवसाची, बाहेर पावसाची झड. गुरुजी म्हणाले, "चौकटीची वही काढा. एक पान, पाच मिनिटे. मोठ्यात मोठी संख्या लिहा. दोनच अटी. संख्या ठरलेली, एकच असली पाहिजे, आणि ती कोणती हे वर्गाला कळले पाहिजे. अनंत लिहाल तर बाद. अनंत ही मोजणीतली संख्या नव्हे, ते मोजणी न संपण्याचे नाव आहे."

मी लगेच नऊ काढायला लागलो. ओळीत २० चौकटी, पानावर २४ ओळी. पाच मिनिटांत ४८० नऊ लिहून झाले, बोटे दुखायला लागली आणि आपणच जिंकलो अशी माझी खात्री झाली. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलीच्या पानावर मात्र तीनच नऊ होते. एक नऊ, त्याच्या खांद्यावर लहान नऊ आणि त्याच्याही खांद्यावर आणखी लहान नऊ.

गुरुजींनी ते फळ्यावर मांडले. वरच्या दोन नवांचे मूल्य, म्हणजे ९ चा ९ वा घात, ३८,७४,२०,४८९. आता ९ ला ९ ने गुणत इतके नऊ वापरायचे. जी संख्या येईल ती लिहायला ३६,९६,९३,१०० अंक लागतात. पाच मिनिटांत ४८० या माझ्या वेगाने, दिवसरात्र हात न थांबवता, ती उतरवायला सात वर्षांहून जास्त काळ लागला असता. तीन अंकांनी माझे ४८० अंक कुठल्या कुठे मागे टाकले होते.

या खेळात गुरुजींचा आणखी एक नियम होता. जिंकणाऱ्याने आपली युक्ती हरणाऱ्याला शिकवायची, ती त्याला जमेपर्यंत. त्या मुलीने मला घात समजावून दिला. पुढच्या शनिवारी मी ऐटीत चार नऊ एकावर एक रचून नेले. गुरुजींनी पान पाहिले, मान डोलावली आणि विचारले, "छान. पण चारच का?"

आजचे व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचा घेतलेला माग आहे. हा खेळ माणूस किमान अडीच हजार वर्षे खेळत आला आहे. यज्ञवेदीपाशी, राजदरबारात, मठांत, मुलांच्या गप्पांत आणि विद्यापीठाच्या फळ्यावर तो खेळला गेला. त्याच्या इतिहासातून मला एक गोष्ट उमगली, ती आधीच सांगून ठेवतो. ज्याला जास्त अंक लिहिता येतात, जास्त नावे पाठ असतात, तो या खेळात फार टिकत नाही. आदल्या खेळाडूने जे करून दाखवले, त्या सगळ्यालाच जो एका शब्दात पकडतो, तो पुढे जातो. आणि ते करायला आदल्या खेळाडूची युक्ती आधी नीट शिकावी लागते.

सुरुवात नावांपासून करू. वाजसनेयी संहितेत अग्निचयनाच्या प्रसंगी यजमान प्रार्थना करतो की वेदीच्या या विटा माझ्यासाठी गायी होवोत. गायी किती, तर एक, दश, शत, सहस्र, अयुत, नियुत, प्रयुत, अर्बुद, न्यर्बुद, समुद्र, मध्य, अंत आणि परार्ध. तेरा नावे, प्रत्येक नाव आधीच्याच्या दहापट. परार्ध म्हणजे १ वर बारा शून्ये. या नावांचा क्रम लक्ष देऊन ऐका. मोजणारा समुद्रापर्यंत पोहोचतो, मग मध्यापर्यंत, मग अंतापर्यंत. आणि अंत झाल्यावरही एक नाव शिल्लक राहते. मोजणीला अंत नाही हे त्या रचणाऱ्याला ठाऊक होते, असे मला या क्रमावरून वाटते.

भास्कराचार्यांच्या ११५० मधील 'लीलावती'त हीच परंपरा पुढे येते. तिथे एक, दश, शत यांपासून परार्धापर्यंत अठरा नावे आहेत आणि परार्ध म्हणजे १ वर सतरा शून्ये. म्हणजे नाव तेच राहिले आणि त्याचे मूल्य लाखपट झाले. पण भास्कराचार्यांनी तिथेच जी सूचना दिली आहे, ती मला अठरा नावांहून मोलाची वाटते. ते सांगतात की ही संख्येच्या स्थानांची नावे आहेत, पूर्वसूरींनी व्यवहारासाठी ठरवलेली, आणि प्रत्येक स्थान आधीच्याच्या दहापट आहे. नावे स्थानांची! शाळेच्या ओसरीवर 'एकं, दहं, शतं' म्हणताना आपण जो जिना चढत होतो, त्याच्या पायऱ्यांना नावे होती. पण जिना बांधला होता तो दहापटीच्या नियमाने. नाव विसरले तरी पायरी जागची हलत नाही.

या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी पाटण येथे मठ उभारला. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या परिसरातला १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो, आणि त्या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. आजोबांचे गणित शिकवले जावे म्हणून नातवाने केलेली ही व्यवस्था. व्याख्यानमालेच्या या मांडवात तिची आठवण काढणे मला उचित वाटते.

नावांचा खेळ स्पर्धा म्हणून रंगतो तो 'ललितविस्तर' या बौद्ध संस्कृत ग्रंथात. राजकुमार सिद्धार्थाला दंडपाणीची कन्या गोपा हिच्याशी विवाह करायचा आहे, पण दंडपाणीचे म्हणणे असे की महालात वाढलेल्या या मुलाला विद्या आणि कला येतात याची खात्री काय? परीक्षा ठरते. गणिताचा परीक्षक आहे अर्जुन नावाचा महागणक. तो विचारतो, कोटीच्या पुढे शंभरपटीने जाणारी गणती कुमारांना येते का? कुमार सांगू लागतात. शंभर कोटी म्हणजे अयुत, शंभर अयुत म्हणजे नियुत, मग कंकर, विवर, अक्षोभ्य. असे करत तेविसाव्या नावाला ते तल्लक्षणापाशी येतात. तल्लक्षण म्हणजे १ वर ५३ शून्ये. आणि त्याच्या पलीकडे आणखी गणना आहे, तिच्याही पलीकडे आणखी, असे सांगत ते पुढे जातात. मग उलट दिशेने, एका योजनात परमाणू किती, हाही हिशेब ते करून दाखवतात. परीक्षक अर्जुन थक्क होतो आणि आपली हार मानतो. परीक्षक उमेदवारापुढे विनम्र होतो, हा या कथेचा मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. वाजसनेयी संहितेतले अयुत म्हणजे दहा हजार, 'ललितविस्तरा'तले अयुत म्हणजे शंभर कोटी. नावे अशी सरकतात. ती आपल्याकडेच सरकली असे नाही. ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियन म्हणजे एक लाख कोटी, आणि अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ शंभर कोटी. १९७४ मध्ये ब्रिटिश सरकारने आपल्या आकडेवारीसाठी अमेरिकी अर्थ स्वीकारला आणि एका रात्रीत बिलियन हजारपटीने लहान झाला. म्हणून मोठ्या संख्यांच्या जुन्या नावांचा मला अभिमान आहे तो यादीच्या लांबीसाठी नव्हे. शंभरपटीचा नियम हातात आला की यादी कोणीही लांबवू शकतो. खरा पराक्रम नवा नियम शोधण्यात असतो.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सिराक्यूज या ग्रीक नगरीत आर्किमिडीजने असा नियम शोधला. ग्रीकांकडे नाव असलेली सर्वांत मोठी संख्या होती मिरियाड, म्हणजे दहा हजार. वाळूचे कण अगणित आहेत, असे लोक म्हणत. आर्किमिडीजने राजा गेलॉनला उद्देशून 'वाळूचा हिशेब' सांगणारा एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्याने मिरियाडच्या मिरियाडपट घेतली, म्हणजे दहा कोटी, आणि तिथवरच्या संख्यांना 'पहिल्या श्रेणीच्या' म्हटले. मग दहा कोटी हाच नवा एकक धरून दुसरी श्रेणी मोजली, मग तिसरी, अशा दहा कोटी श्रेण्या. त्या सगळ्या मिळून पहिले आवर्तन. अशी आवर्तनेही दहा कोटी. तो जिथे थांबला ती संख्या म्हणजे १ वर आठशे कोटी-कोटी शून्ये. आणि सगळे विश्व वाळूने गच्च भरले तर कण किती लागतील? त्याचा अंदाज आजच्या लेखनात १ वर ६३ शून्यांच्या आत बसतो. त्याने बांधलेल्या जिन्याच्या मानाने विश्व अगदी खालच्या पायऱ्यांवरच मावले.

विश्व शक्य तितके मोठे घ्यावे म्हणून आर्किमिडीजने अरिस्टार्कसची मांडणी वापरली. त्या मांडणीत पृथ्वी सूर्याभोवती फिरते आणि तारे फार दूर आहेत. अरिस्टार्कसने ही कल्पना ज्यात मांडली तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. कोपर्निकसच्या अठरा शतके आधी कोणी सूर्य मध्यभागी ठेवला होता, याची प्रमुख साक्ष आपल्याला वाळूचे कण मोजण्याच्या या खेळाने दिली. अशा खेळाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याला मी ही गोष्ट सांगतो.

आता मी अशा ठिकाणी येतो जिथे खेळाची जातच बदलते. जैन परंपरेत संख्यांचे तीन प्रकार मानले आहेत: संख्यात, असंख्यात आणि अनंत. असंख्यात म्हणजे अनंत नव्हे, मोजणीच्या पलीकडचे पण अनंताच्या अलीकडचे. मग पहिले असंख्यात कुठे सुरू होते? त्याचे उत्तर देताना आचार्यांनी एक कुंड कल्पिला. जंबुद्वीपाएवढा, एक लाख योजने व्यासाचा आणि हजार योजने खोल. तो मोहरीने शिगोशीग भरा. मग ती मोहरी घेऊन निघा आणि एका द्वीपावर एक दाणा, पुढच्या समुद्रात एक दाणा, असे टाकत चला. प्रत्येक द्वीप, प्रत्येक समुद्र आधीच्याच्या दुप्पट रुंद आहे. जिथे शेवटचा दाणा पडेल, तिथवरच्या सगळ्या विस्ताराएवढा नवा कुंड करा. तोही मोहरीने भरा. पुन्हा निघा.

या कुंडाचे नाव फार नेमके आहे: 'अनवस्थित', ज्याचा आकार स्थिर नाही तो. प्रत्येक फेरी झाली की 'शलाका' नावाच्या दुसऱ्या कुंडात खुणेचा एक दाणा टाकायचा. शलाका कुंड भरला की 'प्रतिशलाका' कुंडात एक दाणा. तो भरला की 'महाशलाका' कुंडात एक. तोही काठोकाठ भरेल तेव्हा अनवस्थित कुंडात जितके दाणे असतील, तिथे असंख्याताची सीमा.

या बांधणीत काय चालले आहे ते पाहू. आर्किमिडीजच्या जिन्यात पायरीची उंची आधीच ठरलेली होती, दहा कोटीपट. इथे एका फेरीचे उत्तर हेच पुढच्या फेरीचे माप होते. कुंडच कुंडाला मोठा करतो. शिवाय फेऱ्या किती करायच्या हे मोजायलाही कुंडच लागतात. माझ्या चार नवांना गुरुजींनी जो प्रश्न विचारला, तो इथे आचार्यांनी स्वतःलाच विचारलेला दिसतो. फेऱ्या चारच का? कुंडभर का नाहीत? आणि कुंडभरच का? कुंडभर कुंड का नाहीत?

नवव्या शतकात वीरसेनाचार्यांनी 'षट्खंडागमा'वर 'धवला' ही टीका लिहिली. तिच्यात हाच विचार क्रियेच्या रूपात येतो. क्रियेचे नाव वर्गित-संवर्गित. एखादी संख्या घ्या, तिच्यातले एकक सुटे करून ओळीने मांडा, प्रत्येक एककाच्या जागी तीच संख्या ठेवा आणि सगळ्यांचा गुणाकार करा. म्हणजे आपल्या भाषेत, संख्येला तिच्याच घातावर चढवा. २ वर ही क्रिया एकदा केली की ४ येतात. दुसऱ्यांदा ४ चा ४ था घात, म्हणजे २५६. तिसऱ्यांदा २५६ चा २५६ वा घात, आणि ही संख्या ६१७ अंकी आहे. दोनापासून निघून तीन पावलांत ६१७ अंक. याच 'धवले'त अर्धच्छेदाचा विचार आहे: एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते याची मोजणी. आज आपण त्याला २ च्या पायाचा लॉगरिदम म्हणतो. अतिविशाल संख्या हाताळायच्या तर त्यांना आवरणारे साधनही लागते, आणि ते या मंडळींनी घडवले होते.

आता आपण विसाव्या शतकात जाऊ. अमेरिकन गणिती एडवर्ड कॅस्नर यांनी आपल्या नऊ वर्षांच्या भाच्याला, मिल्टन सिरोटाला, विचारले: १ वर शंभर शून्ये दिली तर त्या संख्येला काय म्हणशील? मुलगा म्हणाला, गूगोल. त्याच ओघात त्याहून मोठ्या संख्येसाठी गूगोलप्लेक्स हे नावही आले. गूगोलप्लेक्स म्हणजे काय, तर मुलाने आधी सुचवले की १ लिहायचा आणि पुढे दमेपर्यंत शून्ये लिहीत राहायचे. कॅस्नर यांनी जेम्स न्यूमन यांच्यासोबत १९४० मध्ये लिहिलेल्या पुस्तकात ही हकिगत दिली आहे आणि ती व्याख्या का चालणार नाही तेही सांगितले आहे. वेगवेगळी माणसे वेगवेगळ्या वेळी दमतात. मग ज्याचा दम मोठा तो मोठा गणिती ठरेल. म्हणून त्यांनी गूगोलप्लेक्स पक्का केला: १ वर एक गूगोल शून्ये. ही गोष्ट वाचली तेव्हा मला माझे ४८० नऊ आठवले. मीही दमेपर्यंतच लिहिले होते.

त्याच शतकात पोलिश गणिती ह्यूगो स्टाइनहाउस यांनी एक सोपी चिन्हपद्धती सुचवली. संख्येभोवती त्रिकोण काढला की तिला तिच्याच घातावर चढवायचे. संख्येभोवती चौकोन म्हणजे ती संख्या तितक्याच त्रिकोणांत. वर्तुळ म्हणजे ती संख्या तितक्याच चौकोनांत. वर्तुळातल्या २ ला त्यांनी नाव दिले मेगा. आता श्रोतेहो, हा त्रिकोण ओळखीचा वाटतो ना? ती वीरसेनाचार्यांची वर्गित-संवर्गित क्रियाच आहे. चौकोनातला २ म्हणजे २५६, 'धवले'तली दुसरी पायरी. आणि मेगा म्हणजे २५६ भोवती २५६ त्रिकोण. दोनापासून मोजले तर आचार्यांची क्रिया तीनदा केली की ६१७ अंकी संख्या येते, आणि तीच क्रिया २५८ वेळा केली की मेगा येतो.

यावरून 'हे सगळे आमच्याकडे आधीच होते' असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मी हात जोडून थांबवेन. दोघांचे हेतू निराळे, काळ निराळे. एकाला विश्वाची आणि जीवांची गणना करायची होती, दुसऱ्याला वाचकाला चकित करायचे होते. पण दोन बुद्धिमान माणसांनी एकमेकांना न पाहता एकाच ठिकाणी पाऊल ठेवले, कारण वाटच तिथून जाते. घाताच्या पुढची पायरी घाताची पुनरावृत्ती हीच आहे. हे साम्य मला अभिमानाहून मोठा आनंद देते.

आता गुरुजींच्या प्रश्नाला सरळ भिडणारी खूण. १९७६ मध्ये डोनाल्ड क्नूथ यांनी बाणांची पद्धती प्रसिद्ध केली. ३, एक बाण, ३ म्हणजे ३ चा ३ रा घात: २७. ३, दोन बाण, ३ म्हणजे तीन तिनांचा मनोरा, एकाच्या खांद्यावर दुसरा आणि त्याच्या खांद्यावर तिसरा. ही संख्या ७ लाख ६२ हजार ५५९ कोटी, ७४ लाख, ८४ हजार, ९८७. तीन बाण म्हणजे तितक्या तिनांचा मनोरा, सात लाख कोटींहून जास्त मजल्यांचा. माझ्या चार नवांतले 'चार' या लेखनात स्वतःच एक संख्या होऊन बसते. ते बदलता येते, वाढवता येते, त्याच्या जागी पुन्हा मनोरा ठेवता येतो. 'चारच का?' या प्रश्नाचे उत्तर एका बाणाच्या खुणेत मावले.

या बाणांनीच ग्रॅहमची संख्या लिहिली जाते. रोनाल्ड ग्रॅहम हे अमेरिकन गणिती आणि हवेत चेंडू झेलण्याच्या खेळातले पट्टीचे खेळाडू. त्यांचा प्रश्न असा. अनेक मितींच्या घनाचे सगळे कोपरे एकमेकांना रेषांनी जोडायचे आणि प्रत्येक रेषा तांबडी किंवा निळी रंगवायची. किती मितींपासून पुढे, कसेही रंगवले तरी, एका प्रतलातले चार कोपरे असे सापडतीलच की ज्यांना जोडणाऱ्या सहाही रेषा एकाच रंगाच्या आहेत? उत्तर ठराविक आहे, पण ते किती हे ठाऊक नाही. ते एका मर्यादेच्या आत आहे हे मात्र सिद्ध झाले. त्या मर्यादेचे एक रूप १९७७ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात वाचकांपुढे आणले. ३, चार बाण, ३ ही पहिली पायरी. पहिल्या पायरीवर जी संख्या आली, दुसऱ्या पायरीवर तितके बाण. दुसरीवर जी आली, तिसरीवर तितके बाण. अशी चौसष्टावी पायरी म्हणजे ग्रॅहमची संख्या. इथे पुन्हा अनवस्थित कुंड दिसतो: उत्तर हेच पुढचे माप. ही संख्या विश्वातल्या कुठल्याही कागदावर मावणार नाही, तरी तिचा शेवटचा अंक ७ आहे हे आपण खात्रीने सांगू शकतो. आणि मूळ प्रश्नाचे उत्तर १३ पेक्षा कमी नाही, इतकेच खालच्या बाजूने सिद्ध झाले आहे. खाली तेरा आणि वर हा अवाढव्य डोंगर. खरे उत्तर त्यामध्ये कुठेतरी आहे.

ग्रॅहमच्या संख्येपर्यंत आपण ज्या ज्या युक्त्या पाहिल्या, त्या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे. पाऊल पाऊल करून त्या संगणकाला सांगता येतात. त्याला अमर्याद वेळ आणि कागद दिला तर तो त्या संख्येपर्यंत पोहोचेल. मग कोणीतरी विचारणारच: संगणकाला सांगता येईल तेवढ्यावरच का थांबायचे?

हा प्रश्न १९६२ मध्ये टिबोर राडो यांनी खेळाच्या रूपात मांडला. हंगेरीत जन्मलेले राडो अमेरिकेत शिकवत होते. एक साधे यंत्र कल्पा. समोर चौकटींची न संपणारी पट्टी, सगळ्या चौकटी कोऱ्या. यंत्र एका वेळी एक चौकट पाहते, तिथे खूण करते किंवा पुसते, डावीकडे किंवा उजवीकडे एक घर सरकते आणि आपली 'अवस्था' बदलते. अवस्था मोजक्या. काही यंत्रे कायम चालत राहतात, काही थांबतात. थांबणाऱ्यांपैकी सर्वांत जास्त पावले चालणारे यंत्र शोधायचे. त्याला राडो यांनी नाव दिले 'बिझी बीव्हर', सतत कामात असलेल्या बीव्हर या प्राण्यावरून. एका अवस्थेचे यंत्र १ पाऊल, दोन अवस्थांचे ६, तिनांचे २१, चारांचे १०७. पाच अवस्थांचे एक यंत्र १९८९ च्या सुमारास दोन जर्मन संशोधकांना सापडले. ते ४,७१,७६,८७० पावले चालून थांबते. याहून जास्त चालून थांबणारे पाच अवस्थांचे यंत्र नाहीच, हे सिद्ध व्हायला २०२४ उजाडले. ते काम अनेक देशांतल्या लोकांनी मिळून केले, आणि त्यांतले कित्येक व्यवसायाने गणिती नव्हते. सहा अवस्थांसाठी आतापर्यंत सापडलेले यंत्रच इतके चालते की त्याची पावले घातांच्या मनोऱ्यांनी सांगावी लागतात.

राडो यांनी सिद्ध केले की या संख्या काढून देणारी कुठलीही सर्वसाधारण कृती असूच शकत नाही. का, ते थोडक्यात सांगतो. अमुक अवस्थांचे यंत्र जास्तीत जास्त किती पावले चालून थांबते हे जर काढता आले, तर कुठलेही यंत्र थांबेल की नाही हेही सांगता येईल. तितकी पावले वाट पाहायची, तोवर थांबले नाही तर ते कधीच थांबणार नाही. पण असा सार्वत्रिक निवाडा अशक्य आहे हे अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच दाखवले होते. म्हणजे मोठ्या संख्येचा हा खेळ खेळता खेळता आपण गणनशक्तीच्या सीमेवर येऊन पोहोचलो.

आता शेवटचा सामना. २६ जानेवारी २००७, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत दोन तत्त्वज्ञ फळ्यासमोर उभे राहिले. एमआयटीचे अगस्टिन रायो आणि प्रिन्स्टनचे अ‍ॅडम एल्गा. सभागृह भरलेले. नियम गुरुजींच्या नियमांसारखेच: संख्या सांत हवी, ठरलेली हवी. शिवाय 'तुझ्या संख्येत एक मिळवून' असली रडीची खेळी कोणी करायची नाही. दरवेळी खरोखर नवी झेप हवी. आणि 'आजवर सांगितलेल्या सर्व संख्यांहून मोठी' असेही म्हणायचे नाही. एल्गांनी १ ने सुरुवात केली. रायोंनी फळ्यावर १ ची लांब ओळ मांडली. एल्गांनी त्यांतल्या काहींच्या तळाशी थोडे पुसून त्यांची क्रमगुणिताची उद्गारचिन्हे करून टाकली. तिथून सामना यंत्रांपर्यंत आणि त्यांच्याही पलीकडे गेला.

शेवटची खेळी रायोंची. तिचा आशय असा: संचांच्या औपचारिक भाषेत, एक गूगोल किंवा त्याहून कमी चिन्हे वापरून, ज्या ज्या सांत संख्येला नेमके नाव देता येते, त्या सर्वांहून मोठी अशी सर्वांत लहान संख्या. एल्गांकडे याला उत्तर नव्हते.

इथे 'औपचारिक' हा शब्द जीव की प्राण आहे. साध्या बोलीत असे बोलू लागलो तर घात होतो. समजा मी म्हणालो, 'वीसपेक्षा कमी शब्दांत ज्याचे वर्णन करता येत नाही असा सर्वांत लहान पूर्णांक'. मोजून पाहा, हे वर्णन बारा शब्दांचे आहे. म्हणजे ज्याचे वर्णन वीसपेक्षा कमी शब्दांत होत नाही त्याचे मी बारा शब्दांत केले! हा विरोधाभास ऑक्सफर्डमधले ग्रंथपाल जी. जी. बेरी यांचा, बर्ट्रांड रसेल यांनी तो प्रसिद्ध केला. रायो या खड्ड्यात पडले नाहीत, कारण ज्या भाषेतली नावे ते मोजत होते ती वेगळी, आणि ज्या भाषेत ते बोलत होते ती तिच्या वरची. त्यांनी एक अख्खी भाषा खाली ठेवली आणि तिच्यावर उभे राहून बोलले.

आता मागे वळून सगळा जिना पाहा. आधी संख्यांना नावे होती. भास्कराचार्यांनी सांगितले की नावे स्थानांची आहेत. आर्किमिडीजने स्थानांच्या श्रेण्या केल्या. आचार्यांनी श्रेणीलाच फिरत्या कुंडात घातले आणि क्रियेची पुनरावृत्ती केली. बाणांनी पुनरावृत्तीलाच चिन्ह दिले. राडो यांनी सगळ्या यंत्रांना एकाच शब्दात पकडले, आणि रायोंनी सगळ्या नावांना. प्रत्येक वेळी पुढच्या खेळाडूने आधीच्याची सगळी मेहनत एका खुणेत गोळा केली. ती मेहनत समजली नसती तर गोळाही करता आली नसती. म्हणून गुरुजींचा तो नियम, जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला शिकवायचे, मला या साऱ्या इतिहासाचा नियम वाटतो. अर्जुनाने सिद्धार्थापुढे हार मानली ती दोन पावले पुढे जाणाऱ्याकडून शिकायची तयारी होती.

आपल्याच देवळालीत एक शाळामास्तर आयुष्यभर संख्यांशी खेळत राहिले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये दाखवलेली ६१७४ ही संख्या आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. ती अगदी लहान आहे, चार अंकी. पण तिच्यापर्यंत त्यांना नेले ते याच खेळकर जिज्ञासेने. शिक्षकाने वर्गात खेळायला जागा ठेवली तर किती लांबचा प्रवास सुरू होतो, हे मी त्यांच्या आणि गुरुजींच्या उदाहरणाने सांगतो. आज घरी गेल्यावर आपल्या मुला-नातवंडांना एक कोरे पान द्या. पाच मिनिटे द्या. जिंकेल त्याला शिकवायला लावा.

रायोंच्या त्या शेवटच्या वाक्यात, दोन विद्वानांच्या सामन्यातल्या निर्णायक खेळीत, मोजमाप म्हणून आलेला शब्द 'गूगोल' हा आहे. एका नऊ वर्षांच्या मुलाने दिलेला. ते वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वर्गातला तो श्रावणी शनिवार आठवला, हातात माझे पान धरून उभे असलेले गुरुजी आठवले. त्यांनी रायोंचे वाक्यही तसेच वाचले असते, मान डोलावली असती आणि विचारले असते, "छान. पण गूगोलच का?"